पाहुणे उठताना काय म्हणतात

वांगं फुटलं, रस जाळात चरचरला, आणि कमलनं शिवी दिली. वांग्याला नाही, दिल्लीला.

गच्चीवर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ केला होता. मी भरताची वांगी उलटत होतो. कमल माझी बायको. ती पाटावर बसून प्रूफं तपासत होती. प्रूफ म्हणजे पुस्तक छापण्याआधी छापखाना कच्ची पानं पाठवतो ती. त्यातल्या चुका शोधायच्या, लाल शाईनं खुणा करायच्या आणि परत धाडायची. एकदा परत गेली की मग अक्षर हलत नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"पुस्तकाचं नाव बदललं त्यांनी. कव्हरचं चित्रपण पाठवलंय. हे बघा, ड्रायव्हर."

ड्रायव्हर म्हणजे मी. बघितलं. उंट. उंटामागं बुरख्यातली बाई. बाईमागं वाळू.

"या पुस्तकात उंट कुठं होता?"

"कुठंच नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत म्हशी आणि पाणी."

"मग त्यांनी वाचलं नाही का?"

"वाचलंय ना. म्हणून तर उंट टाकला. म्हशीवर इंग्रजी पुस्तक खपत नाही म्हणे." मग ती जरा हसली. "माझं नाव मात्र आहे हं कव्हरवर. उंटाच्या पोटाखाली. पण आहे."

हे नाव काय भानगड आहे ते सांगतो. कमल अरबी गोष्टींचं इंग्रजी करायची. जिवंत लेखकांच्या, आजकालच्या गोष्टी. तिचं आधी एक पुस्तक निघालं होतं. त्यात तिचं नाव आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, छापखान्याच्या पत्त्याच्या वर. ते घेऊन ती गावी गेली तर माझी मेहुणी म्हणाली, "यात तुझं काय? लिहिलं तर त्या माणसानं." तेव्हापासून कमलनं धरून ठेवलं होतं की पुढच्या वेळी नाव कव्हरवर. या कादंबरीच्या वेळी दिल्लीच्या प्रकाशकानं ते कबूल केलं. ती खूश होती. फार नाही बोलली, पण त्या दिवशी भरताला वांगी जास्त आणली.

आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं. प्रूफांचं शेवटचं प्रकरण तपासायचं राहिलं होतं. मी म्हटलं, दिल्लीला फोन लावू. ती म्हणाली, "उद्या. आता भांडले तर भरीत अंगी लागणार नाही."

पहाटे तिच्या छातीत कळ आली. नर्स होती ती. स्वतःची नाडी स्वतः धरली आणि म्हणाली, "रिक्षा बोलवू नका, उपयोग नाही." मी तरी धावलो. परत आलो तेव्हा तिनं खरं केलं होतं.

*

दारावर माणसं येऊ लागली. आमच्या खान्देशात कुणी गेलं की ओळखीपाळखीचे भेटायला येतात, त्याला दारावर येणं म्हणतात. येणारा बसतो, दोन शब्द बोलतो आणि उठून चालू लागतो. 'येतो' म्हणत नाही. अशा घरी 'येतो' म्हटलं तर परत अशाच कामाला यावं लागेल, म्हणून. न बोलता उठायचं, चपला घालायच्या, जायचं. लहानपणापासून मी हेच पाहिलंय.

मला एकेकाचा राग येत होता. एक म्हणाली, "सुटली बिचारी." कशातून सुटली? अडकली कुठं होती? दुसरा म्हणाला, "सौभाग्यवती गेली, भाग्याची." तुझी बायको जाऊ दे, मग सांग भाग्य. तोंडावर बोललो मी हे. लोकांनी मान हलवली, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून. ठिकाणावरच होतं.

मी चौथी शिकलेला. शिंदखेड्याकडचा. आयुष्यभर डंपर, ट्रक चालवले. ऐंशीच्या पुढे इराकात रस्त्याच्या कामावर ड्रायव्हर म्हणून गेलो. कमल धुळ्याला नर्सिंग शिकलेली, तीही तिकडच्या दवाखान्यात लागली. माझी अरबी रस्त्यावरची. चहावाल्याची, क्रेनवाल्याची, चेकनाक्यावरच्या शिपायाची. अक्षरं मी पाट्या वाचून शिकलो: पूल बंद, डावीकडे वळा, बगदाद इतके किलोमीटर. तिची अरबी पुस्तकातली. तिच्या वॉर्डात एक म्हातारा मास्तर पाय मोडून पडला होता. तो तिला वाचायला शिकवायचा, आणि ती त्याला दोन इंजेक्शनं कमी दुखतील अशी द्यायची. असा व्यवहार.

कुवेतची लढाई पेटली तेव्हा परतलो. बाकीचे लोक सोनं, टेपरेकॉर्डर घेऊन आले. हिच्या ट्रंकेत पुस्तकं. कस्टमचा साहेब ट्रंक उपसून उपसून थकला. म्हणाला, "बाई, खाली काय लपवलंय?" ही म्हणाली, "अजून पुस्तकं."

लोक विचारायचे, जळगावात बसून अरबीचं इंग्रजी कशाला, मराठीत का नाही? मराठीतही पाठवलं होतं. परत आलं. दिल्लीच्या मासिकानं एक गोष्ट घेतली, मग दुसरी मागितली. जो मागतो त्याला माणूस विकतो. त्यात कसलं कोडं?

आमची काम करायची रीत मात्र दिल्लीला माहीत नव्हती. कमल आधी पान वाचून मला सांगायची. मग गोष्टीतली माणसं आम्ही वाटून घ्यायचो आणि त्यांचं बोलणं अहिराणीत करायचो. ती म्हातारी, तर मी जावई. ती म्हणायची, कागदावरचं इंग्रजी खोटं बोलतं, कळत नाही. अहिराणीत खोटं बोललं की लगेच कळतं. अहिराणीत बोलणं उभं राहिलं की मगच ती इंग्रजी लिहायला बसायची. लिहून झालं की इंग्रजीवरून मला पुन्हा अहिराणीत सांगायची. तेच परत आलं तर पास. नाही आलं तर फाडायची.

आमची खोली डाळीच्या गोदामावर. घरमालक शांतिलालभाऊ, मारवाडी माणूस, खाली गादीवर बसलेले. एकदा दुपारी आमचं या म्हशीच्या कादंबरीचं काम जोरात चाललं होतं.

कमल ओरडली, "तू मन्हा घर कसाले उना रे?"

मी त्याहून जोरात ओरडलो, "तुन्हं तोंड देखाले नही उनू! मन्ही म्हैस लेवाले उनू!" तुझं तोंड बघायला नाही, माझी म्हैस न्यायला आलो, असं.

शांतिलालभाऊ धापा टाकत जिना चढून आले. हात जोडले. "आबा, अक्का, घरातलं भांडण घरात ठेवा, खाली गिऱ्हाईक आहे." मग इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "पण आबा, भाडेकरारात म्हैस कुठून आली?"

कमल पोट धरून हसली. दोन दिवस ते वाक्य झालं की हसायची.

*

तेरावं झालं आणि दिल्लीहून कुरिअर आलं. मला इंग्रजी येत नाही. शांतिलालभाऊंची सून रेखा धुळ्याची, कॉलेजात इंग्रजी शिकलेली. तिनं वाचून दाखवलं. वर दोन ओळी दुःखाच्या. खाली असं, की एका अरबीच्या प्रोफेसरसाहेबांना आम्ही शेवटचं प्रकरण दाखवलं. त्यात मजकूर गळलेला आहे. बाई हयात नाहीत, त्यामुळे दुरुस्ती प्रोफेसरसाहेब करतील. सबब कव्हरवर अनुवादक म्हणून त्यांचं नाव जाईल. आत बाईंचे आभार मानले जातील. आमचे एडिटर मल्होत्रा मुंबईला जाताना जळगावला उतरतील, तेव्हा सोबतच्या कागदावर सही करून द्यावी.

"आभार?" मी म्हटलं. "तिचे आभार? तिच्याच पुस्तकात?"

"आबा, शांत व्हा."

"मजकूर गळला म्हणजे काय? ती गाळणारी बाई होती का? टाक्याचा दोरा मोजून काढायची ती."

रेखानं पत्राची घडी घातली. कमलनं तिला इंग्रजी कादंबऱ्या वाचायला दिल्या होत्या. तिचेही डोळे भरले होते, पण माझ्यासमोर रडायची सोय नव्हती. मी रडणाऱ्यांना घालवून देत होतो.

मल्होत्रा आले. पन्नाशीचा माणूस, बॅग, चष्मा. बोलणं हिंदीत झालं, मी इथं मराठीत लिहितो. डाळीच्या धुळीनं त्यांना जिन्यातच शिंका सुरू झाल्या. शिंकत शिंकतच त्यांनी कमलच्या फोटोला नमस्कार केला. मग खुर्चीवर बसले. ती तिची खुर्ची. मी म्हटलं, "तिथं नको." ते उठून पलंगावर बसले. शांतिलालभाऊ दारात उभे, रेखा भिंतीशी.

"बाईंचं काम मला आवडायचं," मल्होत्रा म्हणाले.

"म्हणून नाव काढता?"

"नाव काढत नाही. जागा बदलतो."

"उंटाच्या पोटाखाली होतं. आता कुठं ठेवता, खुराखाली?"

शांतिलालभाऊ खोकले. मल्होत्रा रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. "आबासाहेब, मला शंभर भानगडी असतात. हे पुस्तक बाहेरच्या देशात जाणार. तिथं कुणी मूळ पुस्तक शेजारी ठेवून वाचलं आणि ओळी नाहीत असं निघालं, तर नाव बाईंचंच खराब होईल. प्रोफेसरांचं नाव असलं तर कुणी बोट ठेवत नाही."

"पण ओळी नाहीत हे कुणी ठरवलं?"

"प्रोफेसरांनी. तुम्हाला पटत नसेल तर पाहा."

"पाहतोच."

मी ट्रंकेतून मूळ पुस्तक काढलं. मल्होत्रांनी पान सांगितलं. आता मी अरबी वाचतो ती ड्रायव्हरसारखी. बोट ठेवून, एकेक अक्षर, पाटी जवळ आली की ब्रेक मारत. पहिलीतलं पोर बरं. पण मोठ्यानं वाचलं की कानाला ओळख पटते.

प्रकरण असं आहे. नदीकाठची म्हातारी, म्हशी पाळणारी. मुलगा लढाईत मेला. गावची माणसं तिच्या दारावर आलीत. बिनसाखरेची कडू कॉफी पिऊन एकेक जण उठतोय. मी वाचत गेलो. पहिला पाहुणा उठला. मग एक ओळ आली आणि माझं बोट थांबलं.

अल् बकिया बि हयातक.

पुढं दुसरा उठला. तीच ओळ. तिसरा उठला. तीच ओळ. लेखकानं मुद्दाम एकेका पाहुण्याच्या तोंडी दिलीय. म्हातारी कुणालाच उत्तर देत नाही.

"रेखा," मी म्हटलं, "प्रूफात काय आहे?"

तिनं पान काढलं. "ते एकेक करून उठले आणि गेले. एवढंच आहे, आबा."

खाली हमाल पोती मोजत होते.

मल्होत्रा खरं बोलत होते. मला त्या माणसाचा गळा धरायचा होता आणि तो खरं बोलत होता. राग ठेवायला जागा उरली नाही की कसं होतं, ते ज्याचं त्याला माहीत.

मग मला ती दुपार आठवली. ते प्रकरण आम्ही याच खोलीत केलं होतं. कमल म्हातारी होऊन भिंतीला टेकून बसली होती. मी सगळे पाहुणे. उठायची वेळ आली तेव्हा मी काय केलं? न बोलता उठलो, दारातल्या चपला पायात घातल्या आणि जिन्यापर्यंत गेलो. दारावर आलेला माणूस असाच जातो. कमलनंही मला अडवलं नाही. तिच्या डोळ्यालाही तेच बरोबर दिसलं. तिनं लिहिलं, ते उठले आणि गेले. मुसलमान म्हातारीच्या घरातून आम्ही शिंदखेड्याचे पाहुणे बाहेर काढले होते. नंतर इंग्रजीवरून अहिराणीत ताळा करताना तिनं ते पान दहादा पाहिलं असेल. जे घरात रोजचं आहे ते खटकणार कसं? प्रूफाचं तेवढंच प्रकरण तपासायचं राहिलं होतं. त्यात तिनं पकडलं असतं असं मला वाटतं. नसतंही पकडलं. सांगता येत नाही.

"प्रोफेसरांनी काय घातलंय तिथं?" मी विचारलं.

मल्होत्रांनी कागद दिला. रेखानं वाचून सांगितलं, "ईश्वर तुम्हाला धीर देवो."

"हे तिथं नाहीये."

"भावार्थ तोच," मल्होत्रा म्हणाले. "सांत्वनाचं बोलणं आहे. वाचकाला लगेच कळतं. प्रोफेसर विद्वान माणूस आहे, त्यांनी विचार करूनच घातलं."

"असतील विद्वान. पण त्यात देव नाही आणि धीर नाही."

"मग काय आहे?"

आमच्या कॅम्पवर एक क्रेनवाला होता. त्याचा भाऊ लढाईत गेला तेव्हा मी मंडपात गेलो होतो. उठताना सगळे हेच म्हणत होते म्हणून मीही म्हटलं, नुसतं तोंडानं. घरी येऊन कमलला अर्थ विचारला होता. जो मेला त्याचं जगायचं जे राहिलं, ते तुझ्या आयुष्यात येवो. असा अर्थ.

मी मल्होत्रांना सांगितलं. सांगताना माझा आवाज फाटला आणि त्याचाही मला राग आला.

त्यांनी कागद परत घेतला. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण इंग्रजीत अवघड आहे. विचित्र वाटेल."

"तिकडच्या माणसांनाही ते अवघडच जातं. म्हणून तर म्हातारी बोलत नाही."

"आबासाहेब, भावना समजतो. पण हे पान आता कोण करणार? मला मुंबईत छापखान्याला द्यायचंय."

"मी करतो."

"तुम्ही?"

"निम्मं काम मीच करायचो."

त्यांनी रेखाकडं पाहिलं, जणू ती सांगेल म्हातारा खोटं बोलतोय. रेखा म्हणाली, "इंग्रजी मी लिहीन, सर. आबा सांगतील."

"आणि सही?"

"सही नाही," मी म्हटलं. "प्रोफेसरच्या नावाला सही नाही. हवं तर पुस्तक काढू नका."

"आबा!" शांतिलालभाऊ दारातून म्हणाले. "जरा सबुरी. पुस्तक निघालंच नाही तर अक्काचं नाव कुठं राहणार?" मग ते मल्होत्रांकडं वळले. "साहेब, व्यापारात असं असतं, दोघांनी थोडं थोडं सोडायचं. आमचा आबा काय सोडू शकतो ते विचारा."

मल्होत्रांनी चष्मा वर सरकवला. शिंक दाबली. मग म्हणाले, "कव्हरचं चित्र आणि नवीन नाव, त्यावर बाईंची हरकत असणार. ती त्यांनी प्रूफांवर लिहिली असेल, ते पान अजून माझ्याकडं आलेलं नाही. ते तुम्ही पाठवणार नसाल, आणि नव्या नावाला हो म्हणाल, तर मी वरच्यांशी भांडून बाईंचं नाव कव्हरवर ठेवू शकतो. हे पान नीट आलं तरच."

म्हणजे असं. म्हैस सोडायची आणि कव्हरवर कमलचं नाव ठेवायचं. कमलनं पुस्तकाचं नाव ठेवलं होतं 'उथळ पाणी', जसं मूळ आहे तसं. दिल्लीचं होतं 'वाळू आणि बुरखा'. मला तिची शेवटची शिवी आठवली. ती त्याच नावाला होती.

"उंट ठेवा," मी म्हटलं.

"नक्की?"

"एकदा बोललो. परत विचारलंत तर नाही म्हणेन."

ते उठले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीआधी लॉजवर पान आणून द्यायचं ठरलं. जाताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "अच्छा, फिर आता हूँ."

शांतिलालभाऊंनी डोळे मिटले. मी म्हटलं, "नका येऊ."

*

पुस्तक निघालं. उंट आहे. बुरखा आहे. उंटाच्या पोटाखाली कमलचं नाव आहे, पूर्ण, आडनावासकट. प्रोफेसरांचे आभार आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. हे मी मागितलं नव्हतं, मल्होत्रांनीच केलं. माणूस वाईट नव्हता. मला तो अजून आवडत नाही. मेहुणीला मी ते पुस्तक पाठवलं. तिचं उत्तर आलं, उंट छान आहे.

ज्याला हे काम करायचं असेल त्याला माझं एकच सांगणं. ताळ्याला घरातलं माणूस बसवू नका. घरातल्याला घरातलीच रीत दिसते, आणि ती गोष्टीत कधी शिरली ते दिसत नाही. बाकी कव्हरवर जे जनावर यायचं ते येतं. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, आतली माणसं सांभाळा.

ती दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली.

रेखा वही घेऊन आली. शांतिलालभाऊंना मीच वर बोलावलं. दरवेळी पाहुणा मी व्हायचो, म्हातारी कमल व्हायची. आता म्हातारी व्हायला माणूस नव्हता. मी कमलच्या जागी भिंतीला टेकून बसलो.

"भाऊ, तुम्ही दारावर आलाय. कॉफी पिऊन झाली. आता उठा आणि मी सांगतो ते म्हणा."

"आबा, बसून सांगतो ना."

"बसून नाही. उठताना."

"पण उठताना कुणी बोलत नाही हो. अपशकुन असतो. अन् तुमच्या घरी अजून..." ते थांबले.

"माहीत आहे काय ते. उठा."

शांतिलालभाऊ मारवाडी, पण जन्म इथला. अहिराणी त्यांना माझ्याइतकी येते. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. चपलांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी शिकवलं होतं तसं म्हणाले, "तिन्हं ऱ्हायेल आयुष्य तुले लागो."

पुस्तकात मुलगा मेलाय. 'त्यान्हं' म्हणायला हवं होतं. मी शिकवतानाच तसं शिकवलं होतं बहुतेक. कुणी दुरुस्त केलं नाही.

मला इतका राग आला की मी भिंतीवर मूठ मारली. कशाला लागो? मला काय करायचंय ते? तिचं होतं, तिलाच द्यायचं होतं. मी काय मागायला गेलो होतो? हे सगळं तोंडात आलं.

"म्हातारी काय म्हणते यावर?" रेखानं विचारलं.

"काही नाही म्हणत."

"मग आबा, तुम्हीपण बोलू नका."

मी तोंड मिटलं. शांतिलालभाऊ दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा उठले, पुन्हा म्हणाले. आता 'त्यान्हं' म्हणाले. प्रत्येक पाहुण्याचं एकदा. त्यांचा आवाज बसला. मी एकदाही उत्तर दिलं नाही. रेखा लिहीत राहिली.

लिहून झाल्यावर मी म्हटलं, आता इंग्रजीवरून मला अहिराणीत सांग. तिनं सांगितलं. मध्येच देव आला.

"हा कुठून आला?"

तिनं वहीत पाहिलं आणि जीभ चावली. "सवयीनं लिहिला गेला, आबा."

"काढ."

तिनं काढला. पुन्हा सांगितलं. तेच परत आलं जे पाहुणा म्हणाला होता. पास.

मी पान घेतलं, टोपी घातली आणि लॉजवर चालत गेलो. मल्होत्रांनी उभ्यानं वाचलं. एक शब्द इकडचा तिकडं केला, आणि तो करायला लागत होता असं रेखा नंतर म्हणाली. मग पान बॅगेत ठेवलं. मी उठलो. चपला घातल्या आणि त्यांना न सांगता बाहेर पडलो.

येताना बाजारात भरताची वांगी आली होती, ताजी, हिरवी. विकणारी ओळखीची. म्हणाली, "आबा, घेता का?"

एक घेतलं.